घरचं कारण आणि पाहुणं कारण

कापूस वेचणीच्या दिवसांत सूर्य कलला की आमच्या धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगला जातो. बाया आपापलं गाठोडं घेऊन येतात, बाबा काटा वाचतात, मी वहीत किलोचा आकडा मांडतो. आणि रोज कुणातरी एकीला ऐकावं लागतं.

"काऊन वं, काल चव्वेचाळीस होता ना? आज छत्तीसच?"

"बोंडंच कमी फुटले त म्या काय करू, मामाजी?"

यवतमाळकडच्या कुठल्याही कास्तकाराच्या वावरात हे बोलणं कानावर पडेल. बाबांचा प्रश्न चुकीचा आहे आणि त्या बाईचं उत्तर अर्धंच आहे, हे मला कळलं ते एका अमेरिकन संख्याशास्त्रज्ञामुळे. त्यांचं नाव विल्यम एडवर्ड्स डेमिंग. व्यवस्थापन शिकणाऱ्या पोरांना हे नाव जपानी कारखान्यांचा माल कसा सुधारला त्या धड्यात भेटतं, परीक्षेपुरते त्यांचे व्यवस्थापनाचे चौदा मुद्दे पाठ होतात आणि विषय संपतो. पण त्या चौदा मुद्द्यांच्या मुळाशी एक साधा फरक आहे. आकडा वर-खाली होण्याची कारणं दोन जातींची असतात, आणि एका जातीला दुसरी समजलं की नुकसान ठरलेलं.

पुस्तकी मराठीत त्यांना 'सामान्य कारण' आणि 'विशेष कारण' म्हणतात. मला ही नावं पटत नाहीत. 'सामान्य' म्हटलं की किरकोळ वाटतं, 'विशेष' म्हटलं की महत्त्वाचं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मी त्यांना घरचं कारण आणि पाहुणं कारण म्हणतो.

घरचं कारण रोज घरातच असतं. कोणाला कुठलं तास (पिकाची ओळ) मिळालं, दव किती वेळ टिकलं, बोंडं किती उमलली, पाणी आणायला किती लांब जावं लागलं, आदल्या रात्री झोप झाली की नाही. यातलं एकटं कुठलंच मोठं नसतं, पण सगळी मिळून वजन चार किलो वर, चार किलो खाली हलवत राहतात. पाहुणं कारण त्याच दिवशी दारात येतं आणि त्याच्याकडे बोट दाखवता येतं: दुपारी पाऊस आला, अंगात ताप होता, तासात साप निघाला म्हणून पुढे कुणी गेलंच नाही. वहीत मात्र दोघांची खूण एकच, आकडा कमी. नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही, म्हणूनच गल्लत होते.

ओळखायचं कसं? एका बाईचे दहा दिवसांचे आकडे धरू: ४२, ३८, ४५, ४०, ४४, ३६, ४१, ३९, ४३, ३७. सरासरी ४०.५. आता लागून आलेल्या दोन-दोन दिवसांतला फरक काढा: ४, ७, ५, ४, ८, ५, २, ४, ६. या फरकांची सरासरी ५. तिला २.६६ या ठरलेल्या गुणकाने गुणलं की १३.३ येतात. ते सरासरीत मिळवले की ५३.८, वजा केले की २७.२. वहीत या दोन रेघा ओढायच्या. रेघांच्या आत जे हलतं ते घरचं, बाहेर गेलं तर पाहुणा आला आहे का ते बघायचं. दहा आकडे तसे कमीच, वीस-पंचवीस असले तर रेघा जास्त भरवशाच्या. आणि पहिला वेचा नि तिसरा वेचा एकाच हिशेबात कालवू नयेत, तिसऱ्या वेच्यात पराटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, मुळात कापूसच विरळ असतो.

आता बाबांचा छत्तीस बघा. तो रेघांच्या आत, अगदी निवांत बसला आहे. म्हणजे 'आज काय झालं?' या प्रश्नाला उत्तरच नाही. काहीच झालं नाही. काल ४४ आला तोही काही पराक्रम नव्हता.

गंमत पुढेच आहे. ४५ आला त्या दिवशी बाबांनी तोंडभरून कौतुक केलं, तर दुसऱ्या दिवशी ४०. छत्तिसाला रागावले, तर दुसऱ्या दिवशी ४१. यातून बाबांनी आयुष्यभराचा सिद्धांत काढला: कौतुक केलं की माणूस ढिला पडतो, बोललं की सुधारतो. खरं म्हणजे वर गेलेला आकडा खाली येणारच होता आणि खाली गेलेला वर. बाबा गप्प राहिले असते तरीही. किती मुकादम, किती हेडमास्तर आणि किती साहेब याच सिद्धांतावर निवृत्त झाले असतील, देव जाणे.

हा फरक पहिल्यांदा कागदावर मांडला तो डेमिंग यांनी नव्हे. ते श्रेय वॉल्टर शूहार्ट यांचं. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत त्यांनी १६ मे १९२४ रोजी एका छोट्या टिपणात असा रेघांचा पहिला आलेख काढून दाखवला. १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले. डेमिंग त्यांचे शिष्यच म्हणा. शूहार्ट यांची भाषा अवघड; १९३९ साली आलेलं त्यांचं पुस्तक डेमिंग यांनी संपादित केलं. पण शूहार्ट यंत्रातून निघालेल्या वस्तूंबद्दल बोलत होते, डेमिंग यांनी तोच फरक माणसांना लावला. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे, जपानमध्ये नाही.

डेमिंग यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९०० चा, आयोवा राज्यातल्या सू सिटीचा. लहानपणीच घर वायोमिंगमधल्या पॉवेल या नव्याने वसणाऱ्या गावी हललं, आणि तिथे काही काळ डांबरी कागद ठोकलेल्या खोपटात काढावा लागला. वायोमिंग विद्यापीठाची पदवी १९२१ साली, येल विद्यापीठाची डॉक्टरेट १९२८ साली. मधले दोन उन्हाळे वेस्टर्न इलेक्ट्रिकच्याच शिकागोजवळच्या कारखान्यात. पुढे नोकरी लागली ती अमेरिकेच्या कृषी खात्यात, हवेतलं नत्र पकडून खत कसं करायचं याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत. युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभं राहिलेल्या आपल्या माणसाला हा धागा आवडावा. शेतीच्या प्रयोगांचं संख्याशास्त्र घडवणाऱ्या फिशर यांच्याकडेही ते १९३६ साली लंडनला जाऊन शिकले.

मग १९४० ची अमेरिकेची जनगणना. काही प्रश्न सगळ्यांना न विचारता निवडक लोकांना विचारायचे आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधायचा, हे त्या जनगणनेत पहिल्यांदा झालं, आणि ते बसवण्यात डेमिंग होते. त्याच दशकात आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे या जोडीने पीक कापणी प्रयोग असेच नमुना निवडून करण्याची पद्धत बसवली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या कुठल्याही पोराला त्या दोघांच्या पाठ्यपुस्तकाचं नाव, 'पानसे-सुखात्मे', म्हणा, तो कपाळाला हात लावेल. विम्याच्या वेळी आपल्या शिवारात चौकोन आखून पीक कापतात, ते याच विचारातून.

जपानला डेमिंग १९४७ मध्ये गेले तेही जनगणनेच्याच कामाला. १९५० च्या उन्हाळ्यात तिथल्या शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघाने त्यांची व्याख्यानं ठेवली. व्याख्यानांच्या छापील पुस्तकाचं मानधन त्यांनी घेतलं नाही, आणि १९५१ पासून त्यांच्याच नावाचं पारितोषिक सुरू झालं. स्वतःच्या देशात मात्र ते मोठ्या प्रमाणावर माहीत झाले १९८० च्या जूनमधल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमानंतर, वयाच्या ७९ व्या वर्षी! पुढची तेरा वर्षं, २० डिसेंबर १९९३ ला मरण येईपर्यंत, ते चार-चार दिवसांची शिबिरं घेत राहिले. ते पारितोषिक २००३ साली महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळालं, जगात पहिल्यांदा कुठल्या ट्रॅक्टर कंपनीला. नागपूरच्या हिंगण्यात त्यांचा कारखाना आहे, म्हणजे डेमिंग यांचं नाव आमच्या अंगणापासून फार लांब नाही.

त्या शिबिरांत ते एक खेळ मांडत. एका डब्यात ४,००० मणी, त्यातले ३,२०० पांढरे आणि ८०० लाल. श्रोत्यांतून सहा जणांना 'कामगार' म्हणून बोलवायचं. पन्नास खळग्यांची एक फळी डब्यात बुडवून वर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. मुकादम स्वतः डेमिंग. कमी लाल आले की शाबासकी, जास्त आले की सगळ्यांसमोर खरडपट्टी, शेवटी नापास कामगारांची सुट्टी. लोक हसून हसून बेजार होत, आणि हळूहळू गप्प. कारण डब्यात पाचवा हिस्सा लाल असताना फळीवर सरासरी दहा लाल येणारच. हिशेब केला तर दोनपासून अठरापर्यंत काहीही आलं तरी ते घरचं. कामगाराच्या हातात फळी आहे, डबा नाही. डब्यात काय भरायचं ते मुकादमाच्या वरचा माणूस ठरवतो.

आमच्या धुऱ्यावर हाच खेळ चालतो, फक्त मणी पांढरे नि बोंडांतले. उलट आमचा खेळ जास्त कठोर. वेचणीचा दर किलोवर असतो, म्हणजे विरळ तास वाट्याला आलं की बाईची मजुरी आपोआप कापली गेलीच. त्यावर बाबांचं बोलणं म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा. डेमिंग ठरावीक कोट्याच्या कामाविरुद्ध का बोलत राहिले, ते मला त्यांच्या पुस्तकापेक्षा या काट्याखाली जास्त कळलं. आपल्या अनुभवावरून त्यांनी अंदाज दिला होता की अडचणींपैकी ९४ टक्के व्यवस्थेच्या असतात आणि ६ टक्के विशेष कारणांच्या. अंदाजच तो, मोजमाप नव्हे. पण आपण सगळे नेमके उलटे वागतो.

घरचं कारण म्हणजे चालवून घ्यायचं कारण, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. कोरडवाहू कापसाचा उतारा वर्षानुवर्षं त्याच दोन रेघांच्या आत खाली-वर होत राहतो. तो स्थिर आहे, आणि स्थिरपणे वाईट आहे. त्याला एखाद्या कास्तकाराचा आळस जबाबदार नाही, तसा एखाद्या कास्तकाराच्या कष्टाने तो हलतही नाही. सिंचनाचा अनुशेष हा शब्द विदर्भात इतका घासून गुळगुळीत झाला आहे की तो डब्यातला मणी आहे हेच आपण विसरतो. पाहुण्या कारणाचा बंदोबस्त जागेवरचा माणूस करू शकतो. घरचं कारण बदलायचं तर घरमालकालाच उठावं लागतं.

उलटी चूकही होते. ती मी स्वतः केली आहे. आमच्याकडची सगळ्यात चपळ बाई एका संध्याकाळी एकवीस किलो घेऊन आली. ती नेहमीच चांगली वेचते, म्हणून बाबा म्हणाले, "असंल काही, होते एखाद दिवस." मीही आकडा लिहून पुढचं गाठोडं लावलं. छत्तिसाची चौकशी करणारे आम्ही एकविसाला गप्प. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शेजारच्या वावरात फवारणी चालू होती, वारा आमच्याकडे होता आणि तिला दुपारपासून मळमळत होतं, हे तिसऱ्या दिवशी कळलं. विचारायचा दिवस तो होता.

फवारणीचा विषय निघाला की २०१७ आठवतं. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा पारापासून टीव्हीपर्यंत एक वाक्य ऐकू यायचं: मास्क घातला नव्हता, काळजी घेतली नाही. एका गावात एका माणसाला झालं असतं तर हे वाक्य निदान तपासता आलं असतं. एकाच जिल्ह्यात, एकाच हंगामात शेकडो माणसं एकदम निष्काळजी होत नसतात. डोक्याएवढी वाढलेली पराटी, पुन्हा पुन्हा फवारणी, एकात एक मिसळलेली औषधं, उकाडा. हा सगळा डबा.

इथे एक बारकावा आहे, आणि शिकलेलेही त्यात अडखळतात. माणसामाणसाची तुलना केली तर ते कारण घरचं होतं, सगळ्यांना सारखं. पण वर्षावर्षाची तुलना केली तर २०१७ हे रेघेबाहेरचं वर्ष, पाहुणं. म्हणजे कारणाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते, आपण कशाच्या शेजारी काय ठेवून बघतो यावर ती ठरते. त्या वर्षी 'असं दरवर्षी होतं' म्हणणारे चुकले आणि 'त्या माणसाचीच चूक' म्हणणारेही चुकले.

गुलाबी बोंडअळीचंही तेच वर्ष. आपल्याकडे बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणाऱ्या वाणाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि सुरुवातीला बोंडअळी म्हणजे जुन्या लोकांच्या गोष्टीतली वाटायची. २०१७ ला ती आली तेव्हा आम्ही तिला पाहुणी समजलो. यंदा आली, फवारा, पुढच्या वर्षी जाईल. पण तोवर बियाण्यातल्या विषाला तिने दाद देणं सोडलं होतं. आणि आम्ही डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड ठेवत होतो, तीच पराटी पुढे चालवत होतो, म्हणजे तिच्या जेवणाची बारमाही सोय. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, आवारात पडलेल्या मालातून पतंग निघत होते. पाहुणीला आम्हीच खोली दिली, ताट वाढलं, आणि तरी विचारत होतो की ती जात का नाही. आता ती घरची आहे. घरच्या कारणाला 'एक फवारणी जास्त' हा उपाय चालत नाही. फरदड उपटून वावर मोकळं करायचं तर अख्ख्या शिवाराने एकदम करावं लागतं. एकट्याने केलं तर शेजारच्या वावरातून ती परत येतेच.

यंदा मी वहीत दोन्ही रेघा ओढल्या आणि बाबांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"मंग छत्तीसवालीले काय म्हणू म्या?"

"काहीच नका म्हणू."

"आन् पंचेचाळीसवालीले?"

"तिलेही नाही."

दोन दिवस काट्याखाली शांतता होती. बायाच एकमेकींकडे बघून विचारायला लागल्या, "मामाजीची तब्येत बरी नाही का वं?" तिसऱ्या दिवशी कुणाचातरी अडतीस आला, बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे, आणि म्हणाले, "काऊन वं..."