एफई परीक्षा: पुस्तक उघडण्याआधी पासपोर्ट उघडा

ठाणे, वाशी, खारघरकडची बीई झालेली मुलं अमेरिकेला एमएसला निघाली की एफईचं (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग या परीक्षेचं) विचारतात, आणि विचारतात ते फक्त अभ्यासाचं. अडकतात मात्र कागदांत.

तिकडे पीई, म्हणजे परवानाधारक इंजिनिअर, व्हायची पहिली पायरी ही एफई. एनसीईईएस ही तिथल्या राज्यांच्या परवाना बोर्डांची संस्था ती पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा केंद्रांवर वर्षभर घेते. ११० प्रश्न, ५ तास २० मिनिटं, मध्ये २५ मिनिटांची सुट्टी. सिव्हिल, मेकॅनिकल, केमिकल धरून सात पेपरांतला आपला निवडायचा. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं काही सोडू नका.

आता नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी आईचंही. ते बघून फॉर्म भरला की पहिल्या नावाच्या रकान्यात ‘पाटील’ जाऊन बसतं आणि केंद्राच्या दारात ओळखपत्राशी जुळत नाही. फॉर्म पासपोर्ट समोर ठेवूनच भरा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसाआधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच निस्तरत बसावं लागतं. आधार दाखवू म्हणाल तर त्यावर ना सही, ना मुदतीची तारीख. पासपोर्टच न्या.

दुसरं दुखणं ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं. भारतातली पदवी असली की बरीच राज्यं ती तिकडच्या पदवीच्या तोडीची आहे का, याची तपासणी मागतात. एमएस तिकडचं आहे म्हणून ती टळेलच असं नाही. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे, पण त्या भरवशावर बसू नका. शिवाय ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं. तुम्ही जपून नेलेला सीलबंद लिफाफा चालत नाही! एका मुलाने तो पनवेलहून नेला, मग इथे त्याच्या वडिलांनी विद्यापीठाच्या खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकत दोन महिने काढले. विमानात बसण्याआधी ही व्यवस्था लावा, विषयवार अभ्यासक्रमाची प्रतही काढून ठेवा.

परीक्षेची नोंदणी करताना राज्याचं परवाना देणारं बोर्ड निवडावं लागतं आणि नियम बोर्डागणिक बदलतात. मित्राने टेक्सासमध्ये काय केलं ते तुम्हाला लागू होईलच असं नाही. पैसे भरण्याआधी त्या बोर्डाचं पान वाचा.

निकाल साधारण ७ ते १० दिवसांत येतो. पास झालात म्हणजे ईआयटी (इंजिनिअर इन ट्रेनिंग) झालात, हा गैरसमज फार दिसतो. त्या प्रमाणपत्रासाठी बोर्डाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. नापास झालात तर तीन महिन्यांच्या एका टप्प्यात एकदाच बसता येतं आणि वर्षात जास्तीत जास्त तीनदा.

आणि कॉलेजातला कॅसिओ एफएक्स-९९१ कॅल्क्युलेटर टाकून देऊ नका, तो चालतो. एफएक्स-८२ चालत नाही. सूत्रांची पुस्तिका स्क्रीनवरच मिळते. ती एनसीईईएसच्या खात्यातून फुकट उतरवून घ्या आणि सराव तिच्यावरच करा.