अशोक (सीतेचा अशोक)

अशोक : (सं. अशोक, हेमपुष्प, ताम्रपल्लव, लॅ. सराका असोका, कुल-फॅबेसी). ज्याची साल आयुर्वेदात मुख्यतः स्त्रीरोगांवर वापरतात असा सदाहरित वृक्ष. शाळा, कचेऱ्या आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारे, नागमोडी कडांच्या लांब पानांचे झाड म्हणजे हा अशोक नव्हे. ते झाड खोटा अशोक किंवा आसुपालव (मोनून लाँगिफोलियम, जुने नाव पॉलिअल्थिया लाँगिफोलिया) असून सीताफळाच्या कुलातले आहे. हा घोटाळा अंगणापुरता राहिला असता तर बिघडले नसते. तो औषधांच्या बाजारातही चालतो.

खरा अशोक साधारण ६ ते ९ मीटर उंच वाढतो आणि त्याच्या फांद्यांचा पसारा दाट असतो. पाने संयुक्त असून पर्णिकांच्या ३ ते ६ जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस आणि इतकी मऊ असते की झुपक्याने खाली लोंबते; झाड कोमेजले की काय, अशी शंका यावी. फुलांना पाकळ्या नसतात. पाकळ्यांसारखा दिसतो तो चार भागांचा रंगीत निदलपुंज (फुलाचे बाहेरचे आवरण), आणि त्यातून लांब केसर बाहेर डोकावतात. फूल उमलताना पिवळसर नारिंगी असते व पुढे लाल होत जाते, त्यामुळे एकाच गुच्छात दोन-तीन रंग एकदम दिसतात. बहर मुख्यतः वसंतात येतो. शेंगा चपट्या व रुंद असतात.

पश्चिम घाट, ओडिशा, ईशान्य भारतातील टेकड्या, श्रीलंका आणि म्यानमार येथे हा वृक्ष आढळतो. ओढ्याकाठची ओलसर सावली त्याला मानवते. ओडिशाचे राज्यफूल अशोकाचे आहे, तर उत्तर प्रदेशाचा राज्यवृक्ष अशोक आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांच्या गौरवार्थ त्याला ‘जोनेसिया असोका’ म्हटले होते. पुढे बराच काळ तो ‘सराका इंडिका’ या नावाने ओळखला गेला. ते नाव वास्तविक आग्नेय आशियातील वेगळ्या जातीचे असले, तरी जुन्या औषधी ग्रंथांत तेच सापडते.

चरकसंहितेत अशोक वेदनास्थापन गणात, म्हणजे वेदना शमवणाऱ्या औषधांच्या गटात, येतो. सुश्रुतसंहितेत तो लोध्रादी गणात आहे आणि या गणाला ‘योनिदोषहर’ व ‘स्तंभी’ म्हणजे स्राव थांबवणारा म्हटले आहे. मात्र अशोक म्हटले की अंगावरून जाण्यावरचे औषध, हे समीकरण पक्के केले ते नंतरच्या चिकित्साग्रंथांनी. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्त यांनी तीव्र असृग्दरावर, म्हणजे पाळीत किंवा एरवी होणाऱ्या अतिरक्तस्रावावर, अशोकाच्या सालीने सिद्ध केलेले दूध गार करून सकाळी प्यायला सांगितले आहे. क्षीरपाकाची सर्वसाधारण रीत अशी : एक भाग औषध, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी मंद आचेवर उकळायचे, पाणी आटून दूध तेवढे उरले की गाळायचे.

आज जास्त खपते ते अशोकारिष्ट. त्याचा पाठ भैषज्यरत्नावलीतील आहे. सालीचा काढा चतुर्थांश उरेपर्यंत आटवून गार करतात. मग त्यात गूळ, धायटीची फुले आणि जिरे, नागरमोथा, सुंठ, दारुहळद, त्रिफळा, अडुळसा, चंदन इत्यादींची भरड घालून भांड्याचे तोंड बंद करून ठेवतात. धायटीच्या फुलांमुळे गूळ आंबतो आणि मद्यार्क आपोआप तयार होतो. अरिष्टात तो सुमारे ५ ते १० टक्के असतो, हे घेणाऱ्याला ठाऊक असायला हवे. रक्तप्रदर (अतिरक्तस्राव), श्वेतप्रदर (अंगावरून पांढरे जाणे) आणि कष्टार्तव (पाळीतील वेदना) यांवर त्याचा मुख्य उपयोग सांगितला जातो.

सालीत टॅनिने भरपूर असतात. कॅटेचिन, एपिकॅटेचिन, इतर फ्लॅव्होनॉइडे आणि स्टेरॉलही असतात. तुरट चव व ग्राही (स्राव आवरणारा) गुण हे मुख्यतः टॅनिनांचे. प्राण्यांवरील प्रयोगांत सालीच्या अर्कांचा गर्भाशयाच्या स्नायूंवर परिणाम दिसला आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र थोडे व लहान आहेत, त्यामुळे जाहिरातींत ‘गर्भाशयाचे टॉनिक’ म्हणून जे ठासून सांगितले जाते त्याला तेवढा आधार नाही. गर्भारपणी हे औषध टाळतात. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर अरिष्टाची बाटली आणण्याआधी तपासणी करून घेणे आवश्यक आहे. गर्भाशयाच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते.

बाजारात अशोकाची म्हणून विकली जाणारी साल पुष्कळदा आसुपालवाची किंवा आणखी कशाची तरी असते. आसुपालव गावोगाव लावलेला असल्याने त्याची साल सहज मिळते. खऱ्या सालीचा बाहेरचा भाग करडा-तपकिरी, खडबडीत व बारीक पुटकुळ्यांचा असतो. आतला भाग लालसर तपकिरी असून त्यावर उभ्या बारीक रेषा दिसतात आणि चघळल्यावर तोंड तुरट होते. भुकटी झाल्यावर या खुणा उरत नाहीत. मग सूक्ष्मदर्शक, रासायनिक चाचण्या किंवा डीएनए तपासणी यांचाच आधार घ्यावा लागतो.

काव्यात आणि व्रतांतही अशोक बायकांच्या सोबतीने येतो. तरुण स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की तो फुलतो, या दोहदाच्या संकेतावर कालिदासाने ‘मालविकाग्निमित्र’ नाटकातला एक अख्खा प्रसंग उभा केला. बंगालमध्ये चैत्र शुद्ध षष्ठीला, अशोकषष्ठीला, मुलांच्या क्षेमासाठी स्त्रिया अशोकाच्या कळ्या खातात.

सालीच्या मागणीमुळे रानातील झाडे कमी झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) अशोकाची नोंद ‘असुरक्षित’ जातींत केली आहे. खोडाभोवतीची साल पूर्ण वेढा काढून सोलली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड वाळते. म्हणून साल काढायचीच तर खोडाच्या एका बाजूने उभी पट्टी काढून उरलेली तशीच राखतात. लागवड बियांपासून होते. बी फार काळ टिकत नाही, सुकले की रुजत नाही, त्यामुळे शेंगा पिकल्या की ते लगेच सावलीतल्या ओलसर मातीत पेरावे लागते.