इंकजेट छपाईतील कस्टम रंगप्रोफाइल

मोठ्या रुंदीच्या इंकजेट यंत्रावर ठरावीक शाई, ठरावीक माध्यम (ज्यावर छापायचे तो कागद, फ्लेक्स वगैरे) आणि ठरावीक प्रिंट मोड (छपाईचा वेग व बारकाव्याची निवड) वापरला असता रंग प्रत्यक्षात कसे उमटतात, ते मोजून बनवलेली फाइल म्हणजे कस्टम रंगप्रोफाइल. तिचा साचा इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने ठरवलेला आहे. ॲडोबी, ॲपल, कोडॅक आदी आठ कंपन्यांनी १९९३ मध्ये ही संस्था स्थापन केली. यंत्राचे सीएमवायके (निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांचे) आकडे आणि मानवी दृष्टीवर बेतलेले ‘लॅब’ आकडे यांची दुतर्फा कोष्टके या फाइलमध्ये असतात.

प्रोफाइल एकट्या यंत्राचे नसते, त्या सगळ्या जोडणीचे असते. त्यामुळे फ्लेक्सचे प्रोफाइल विनाइलला लावून भागत नाही. पासची संख्या, म्हणजे एकाच भागावरून हेड किती वेळा फिरते तो आकडा, बदलली तरी रंग सरकू शकतात. माध्यम बनवणाऱ्या कंपन्या तयार प्रोफाइल देतात. सुरुवातीला ती चालतात, पण ती दुसऱ्याच यंत्रावर मोजलेली असतात.

प्रोफाइल फसते ते बहुधा मोजणीच्या आधीच. नोझल चेकमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या छिद्रांच्या चाचणीत, रेघा तुटत असतील, शाई फवारणारे हेड जुळलेले नसतील किंवा हीटरचे तापमान रोज वेगळे असेल, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. ही तयारी झाली की रिप सॉफ्टवेअरमध्ये (फाइलचे यंत्राला समजणाऱ्या शाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या) इंक लिमिट, म्हणजे शाईची कमाल मर्यादा, ठरवायची. चार रंग पूर्ण भरले की शाईची बेरीज ४०० टक्के होते. बहुतेक माध्यमे त्याच्या बऱ्याच आधी हात टेकतात. वाढत्या शाईची पट्टी छापून निरखली तर शाई कुठे साचते, कडा कुठे पसरतात, बोट लावल्यावर कुठे चिकटते, ते दिसते. मर्यादा त्याच्या अलीकडे ठेवतात. एकेका रंगाचीही वेगळी मर्यादा असते. मॅजेंटा ठरावीक प्रमाणापलीकडे ओतला की तो आणखी तेजस्वी होत नाही, लालसर होऊ लागतो आणि शाई मात्र खर्च होते. घनता मोजून हे लक्षात येत नाही, लॅब आकडे पाहावे लागतात. त्यानंतर लिनिअरायझेशन, म्हणजे फिकट ते गडद छटा समान टप्प्यांनी वाढतील अशी दुरुस्ती.

मगच रंगचौकोनांचा चार्ट छापतात. आयटी८.७/४ या प्रचलित चार्टमध्ये १,६१७ चौकोन आहेत. छापताना रंग व्यवस्थापन पूर्ण बंद हवे, नाहीतर आधीचे प्रोफाइल मोजणीत मिसळते. सॉल्व्हंट शाईचा चार्ट नीट वाळू द्यावा लागतो. ओला चार्ट मोजण्याची घाई नडते. मोजणी स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या उपकरणाने होते. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून घातलेली रसायने असतील तर मोजणीची एम१ पद्धत उपयोगी पडते, कारण तिच्या प्रकाशात अतिनील भागही ठरवून दिलेला असतो. मागून दिवा लावून दाखवायच्या बॅकलिट माध्यमावर मागून आलेला प्रकाश मोजू शकणारे उपकरण हवे. आकड्यांवरून प्रोफाइल बांधणारी सॉफ्टवेअर महाग असतात, पण आर्गिल सीएमएस मोफत आहे. करड्या छटांमध्ये काळी शाई किती आणि कुठून सुरू करायची, हेही येथेच ठरते.

प्रोफाइल यंत्राची रंगकक्षा, म्हणजे त्याला छापता येणाऱ्या रंगांची व्याप्ती, वाढवत नाही. आपल्याकडच्या फ्लेक्सवरचा भगवा हे याचे नेहमीचे उदाहरण. पडद्यावरचा झळझळीत नारिंगी मॅजेंटा आणि पिवळ्याच्या मिश्रणातून पूर्ण मिळत नाही. प्रोफाइल त्यातल्या त्यात जवळचा रंग निवडते. याहून पुढे जायचे तर नारिंगी शाईचे यंत्र लागते. बँकेचे किंवा पक्षाचे बोधचिन्ह छापताना रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (कक्षेतले रंग जसेच्या तसे ठेवणारे) आणि छायाचित्राला परसेप्च्युअल (सगळ्या रंगांमधले नाते राखून त्यांना कक्षेत बसवणारे) रूपांतर सहसा बरे पडते.

हेड बदलले किंवा शाईची बॅच बदलली म्हणून दर वेळी नवे प्रोफाइल लागत नाही. आधी लिनिअरायझेशन पुन्हा करून नमुना चार्ट मोजतात. डेल्टा-ई, म्हणजे दोन रंगांमधील अंतराचा आकडा, तरीही जास्त राहिला तरच पूर्ण चार्ट छापायला घेतात.