ब्रेक ऑइल हे तेल नव्हे

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये वडिलांची प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षे एकाच जागी उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असे ठरले तेव्हा मी इंजिनाआधी ब्रेक हाती घेतले, कारण पेडलवर पाय ठेवला की ते जराही विरोध न करता थेट तळाला टेकत होते. चारही चाके काढून ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची गोल भांडी, उघडले तेव्हा प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरमधले, म्हणजे ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरमधले, रबरी कप फुगून लिबलिबीत झालेले दिसले. गाडी उभी करण्यापूर्वी ज्या गॅरेजमध्ये तिची शेवटची दुरुस्ती झाली, तिथे हे सुटे भाग रॉकेलने धुतले होते, हे वडिलांना पक्के आठवत होते. त्या एका धुण्यात जो रसायनशास्त्राचा प्रश्न दडलेला आहे, तो जुनी गाडी घरी दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100 डिलाइट. ती 1964 साली भारतात आली आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे ब्रेक ज्या तत्त्वावर चालतात ते ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितीने सतराव्या शतकात मांडले: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. हे तत्त्व मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली छापला गेला, आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली मोटार बाजारात यायला त्यानंतर अडीच शतकांहून अधिक काळ लागला. अमेरिकेतल्या डुसेनबर्ग कंपनीने ती 1921 साली आणली.

एक ढोबळ गणित मांडून पाहू. पायाने पेडलवर 20 किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट केला, तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरच्या, पिस्टनवर 100 किलोचा जोर येतो. त्या सिलिंडरचा व्यास 19 मिलिमीटर धरला तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 35 किलो दाब तयार होतो, आणि 22 मिलिमीटर व्यासाच्या व्हील सिलिंडरमधला प्रत्येक पिस्टन ब्रेक शूला, म्हणजे ड्रमच्या आतल्या वक्र पट्टीला, सुमारे 133 किलोच्या जोराने ड्रमवर दाबतो. मात्र नळ्यांमध्ये केवळ 3 घन सेंटीमीटर हवा शिरली, तर तिला दाबण्यातच मास्टर सिलिंडरच्या पिस्टनची सुमारे 1 सेंटीमीटर चाल, म्हणजे पायाखालची 5 सेंटीमीटर चाल वाया जाते. द्रव दबत नाही आणि हवा दबते, एवढ्याच फरकावर गाडीचे थांबणे अवलंबून असते.

आता त्या द्रवाकडे वळू. आपण सारे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण तो तेलाच्या जातीचा नाही. नेहमीच्या वापरातला हा द्रव मुख्यतः ग्लायकॉल ईथर या वर्गातल्या संयुगांचा असतो. त्यांच्या रेणूंमध्ये ऑक्सिजनचे अणू असल्यामुळे विद्युतभाराची वाटणी असमान असते, म्हणजेच हे रेणू ध्रुवीय असतात. रॉकेल, पेट्रोल आणि इंजिन ऑइल हे मात्र कार्बन व हायड्रोजनच्या साखळ्यांचे अध्रुवीय द्रव आहेत. ब्रेकचे कप ज्या रबराचे बनवतात त्याच्या साखळ्याही अशाच अध्रुवीय असतात, आणि सारखे पदार्थ एकमेकांत सहज मिसळतात या नियमाने रॉकेलचे रेणू रबराच्या साखळ्यांमध्ये घुसून त्यांना एकमेकींपासून दूर ढकलतात. रबर फुगते, त्याची धार मऊ पडते आणि कप एक तर सिलिंडरमध्ये अडकतो किंवा गळू लागतो. हे स्वतः पाहायचे असेल तर दोन जुने कप घेऊन एक रॉकेलमध्ये आणि दुसरा ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. म्हणून मी सिलिंडर रॉकेलऐवजी ध्रुवीय असलेल्या स्पिरिटने धुतले आणि नवे किट बसवण्यापूर्वी प्रत्येक कपाला ताजे ब्रेक ऑइल लावले. दोन सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले होते. तेवढे दोन बदलले, कारण खड्ड्यावरून सरकणारा नवा कप फार काळ टिकत नाही.

हे खड्डे कुठून आले? ग्लायकॉल ईथरच्या ज्या ध्रुवीयतेमुळे रबर सुरक्षित राहते, तीच ध्रुवीयता पाण्याच्या रेणूंना ओढून घेते. हवेतली आर्द्रता ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींमधूनही हळूहळू आत झिरपते, आणि त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो. नागपुरात ब्रेकविषयी बोलताना लोक मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांना दोष देतात. मला मात्र जुलैची दमट हवा अधिक घातक वाटते. डॉट 3 या मानक प्रतीचे कोरडे ब्रेक ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण त्यात 3.7 टक्के पाणी मिसळले की हीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 असे आहेत.

एवढी उष्णता येते कुठून, तर गाडीच्या वेगातूनच. दोन माणसांसह 1000 किलो वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे 1.39 लाख ज्यूल असते. 30 अंशांवरचे जवळपास अर्धा लिटर पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा पुरते, आणि गाडी थांबताना तिचा बहुतांश भाग ड्रम आणि लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे अस्तर, यांच्यात जिरतो. वेग 80 झाला तर ही ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रामटेकचा गड उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ड्रमला निवायला उसंतच मिळत नाही. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, पेडल खाली जाते, आणि आतले ओले ऑइल उकळले तर वाफेचे बुडबुडे होतात. पेडल पोकळ होते. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहून इंजिनाने वेग रोखावा, असे वडील सांगत, त्यामागचे कारण हेच आहे.

लायनरबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. ड्रममधली धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये. ती पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. ड्रम मात्र हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून लेथवर घासून आणले.

शेवटी उरले हवा काढण्याचे काम. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात केली. चाकामागच्या हवा काढण्याच्या निप्पलला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक ताज्या ऑइलच्या बाटलीत बुडवले आणि मुलीला पेडलवर बसवले. मी ‘दाब’ म्हणालो की तिने पेडल दाबायचे, ‘धरून ठेव’ म्हणालो की मी निप्पल उघडून पुन्हा बंद करायचा आणि त्यानंतरच तिने पाय उचलायचा. पहिल्या चाकातून आधी तपकिरी, गढूळ द्रव आला, मग बुडबुड्यांची माळ आणि अखेरीस फिकट पिवळा, अखंड प्रवाह. चौथे चाक झाल्यावर पेडल अर्ध्याच्या वर घट्ट थांबू लागले. त्या रात्री चारही चाकांखाली वर्तमानपत्राचे कागद पसरून ठेवले; सकाळी ते चारही कोरडे होते.