लिनक्स कर्नल: जुन्या यंत्राचा भार नेमका कुठे पडतो?

‘लिनक्स हल्ली फार सुजलंय. फ्लॉपीच्या जमान्यापासूनची अडगळ त्यात तशीच पडून आहे. ती उपसून काढली, की माझा दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप वाऱ्यासारखा पळेल.’ ही तक्रार अधूनमधून कानावर येतेच. तिचा पहिला भाग खरा आहे. कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसणारा लिनक्सचा गाभा. २०२५ च्या सुरुवातीला त्याच्या सोर्स कोडने ४ कोटी ओळींचा टप्पा गाठला. पण या ओळींत सर्वांत जागा खाणारा ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा कोड) कोणता, ते पाहिलं तर गंमत वाटते. फ्लॉपी नाही, डायल-अप मोडेम नाही, तर एएमडीच्या नव्या ग्राफिक्स कार्डांचा ‘एएमडीजीपीयू’. त्याच्या एकट्याच्या ओळी काही दशलक्षांत जातात आणि त्यातल्या बहुतेक म्हणजे चिपमधल्या रजिस्टरांच्या, म्हणजे नियंत्रणाच्या जागांच्या, यंत्रानेच तयार केलेल्या याद्या. म्हणजे सूज आहे, पण ती जुन्यामुळे नाही.

मग जुन्या यंत्रांना सांभाळण्याचा भार पडतो तरी कुठे? उत्तर कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये सापडतं. कर्नल कंपाइल करायच्या, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधायच्या, आधी त्यात काय-काय घ्यायचं हे ठरवावं लागतं. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की निळ्या पडद्यावर मेन्यू उघडतो. सगळ्या प्रकारचे प्रोसेसर धरले तर पर्यायांची संख्या पंधरा हजारांच्या वर जाते. बहुतेक ठिकाणी उत्तरं तीनच: ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्येच बांधून टाक, ‘एन’ म्हणजे नको, आणि ‘एम’ म्हणजे वेगळं मॉड्यूल करून डिस्कवर ठेव, लागेल तेव्हा उचलू. जुन्या-नव्याचं बहुतेक राजकारण या ‘एम’ने केव्हाच मिटवलं आहे.

एक कार्ड जवळून पाहू. साधारण २००० च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुळवलेल्या पीसीमध्ये रिअलटेकचं ८१३९ चिपचं स्वस्त नेटवर्क कार्ड हमखास असायचं. प्रत्येक पीसीआय कार्ड स्वतःची ओळख दोन क्रमांकांनी सांगतं: बनवणारी कंपनी आणि उपकरण. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा त्यांनी इथेही मिरवला. रिअलटेकचा आहे १०ईसी. मशीन चालू झालं की कर्नल प्रत्येक खाचेत कोण बसलंय ते विचारतो, ‘१०ईसी, ८१३९’ असं उत्तर आलं की मॉड्यूलांच्या यादीत हा क्रमांक कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं जातं आणि तेवढंच मॉड्यूल रॅममध्ये चढतं. कार्ड नसेल तर ते डिस्कवर पडून राहतं. ना रॅम खातं, ना प्रोसेसर. आजच्या वितरणांबरोबर (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचांबरोबर) अशी हजारो मॉड्यूल येतात, त्यातली लॅपटॉपवर प्रत्यक्ष चढतात ती फार तर शे-दोनशे. तेव्हा हे जुने ड्रायव्हर ‘एन’ करून वेग वाढत नाही. कंपाइल करायचा वेळ आणि डिस्कवरची थोडी जागा वाचते, इतकंच.

याच कार्डाची अजून एक खोड आहे. रिअलटेकने पुढे ‘सी प्लस’ नावाची सुधारित चिप काढली आणि तिला क्रमांक तोच ठेवला. बदलला तो फक्त आवृत्तीचा आकडा. परिणाम असा की एकाच क्रमांकावर दोन ड्रायव्हर हक्क सांगतात. जुन्या कार्डावर नवा ड्रायव्हर आधी पोचला, तर तो आवृत्ती पाहतो आणि लॉगमध्ये लिहून ठेवतो की ही चिप सी प्लस नव्हे, ‘८१३९टू’ (जुन्या चिपचा ड्रायव्हर) वापरा. मग बाजूला होतो. दोन्ही मॉड्यूल हाताशी असतील तर वापरणाऱ्याला यातलं काही कळतही नाही. पण ‘माझं कार्ड ८१३९ आहे’ एवढ्यावर एकच ड्रायव्हर निवडला आणि तो नेमका दुसरा निघाला, तर नेटवर्क बंद.

‘एम’ची मात्रा सगळीकडे चालत नाही. मॉड्यूल डिस्कवर असतात आणि डिस्क वाचायलाच ड्रायव्हर लागतो. हा पेच सोडवायला बूट होताना रॅममध्ये एक छोटी तात्पुरती फाइल प्रणाली चढवतात, इनिट-रॅम-एफएस. डिस्कपर्यंत पोचायला लागणारी मॉड्यूल तिच्यात असतात. डेबियनमध्ये या फाइलीत जगभरच्या यंत्रांना पुरतील एवढी मॉड्यूल भरायची, की फक्त या यंत्रापुरती, हे एका ओळीत ठरवता येतं. २५६ एमबी रॅमच्या मशीनवर हा फरक खरोखर जाणवतो, कारण ती फाइल उलगडते ती रॅममध्येच. स्वतः कर्नल बांधणाऱ्यांपैकी अनेकजण हा प्रकार टाळून डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइल प्रणाली सरळ ‘वाय’ करतात.

इथेच जुनी कॉन्फिग फाइल दगा देते. आयडीई या जुन्या जोडणीच्या डिस्कांचे मूळ ड्रायव्हर २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ५.१४ या आवृत्तीत काढून टाकले. डिस्कांचा आधार गेला नव्हता, त्याच डिस्का ‘लिब-अटा’ या नव्या व्यवस्थेतून आधीपासूनच चालत होत्या. पण वर्षानुवर्षं तीच कॉन्फिग फाइल पुढच्या कर्नलला देत आलेल्यांच्या फाइलीत फक्त जुना पर्याय ‘वाय’ होता. नव्या कर्नलला तो पर्याय ओळखीचाच नाही, म्हणून त्याने मुकाट्याने गाळला. मशीन बूट व्हायला लागलं, की ‘रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही’ म्हणून पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकून तिथेच थांबतो. ‘मेक ओल्डकॉन्फिग’ नव्याने आलेल्या पर्यायांबद्दल एकेक प्रश्न विचारतो, नाहीशा झालेल्या पर्यायांबद्दल बोलत नाही. आवृत्ती बदलताना दोन फाइलींची तुलना करून काय गळलं ते पाहणं कंटाळवाणं असतं, पण त्याला इलाज नाही.

आणखी काही निर्णय असे आहेत की कर्नल ते बूट होताना स्वतःच घेतो. बहुकोर यंत्रात दोन कोर एकाच वेळी एकच जागा बदलू नयेत म्हणून काही सूचनांच्या आधी ‘लॉक’ असा एक बाइट लावतात, हेक्समध्ये ‘एफ०’. एकच कोर असेल तर हा बाइट म्हणजे उगाच वेळकाढूपणा. मग कर्नल बूट होताना कोर मोजतो आणि एकच सापडला तर स्वतःच्या कोडमधले हे सगळे ‘एफ०’ शोधून तिथे ‘३ई’ लिहितो. तो तिथे निरुपद्रवी असतो. लांबी तितकीच, बाकी कोड जागचा हलत नाही. एकच कर्नल जुन्या एककोरी यंत्रावर आणि नव्या सोळाकोरीवर चालतो, आणि जुन्याला त्याची किंमत जवळपास पडत नाही. लिनक्समधल्या मला सर्वांत आवडणाऱ्या क्लृप्त्यांपैकी ही एक.

उरतात ते निर्णय, जे कंपाइल करतानाच घ्यावे लागतात. पर्यायांच्या संख्येत ते मूठभर, पण खरा भार त्यांच्यावर आहे. सर्वांत बोलकं उदाहरण ‘पीएई’चं (फिजिकल ॲड्रेस एक्स्टेन्शन, ३२-बिट प्रोसेसरला जास्त रॅम दाखवायची सोय).

३२-बिट प्रोसेसरला साध्या पद्धतीने ४ जीबीपर्यंत रॅम दिसते. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये पीएई आणलं आणि प्रत्यक्ष पत्ता ३६ बिटांचा झाला, म्हणजे ६४ जीबी. त्यासाठी पेज टेबलातली (मेमरीचं कुठलं पान रॅममध्ये कुठे आहे त्या यादीतली) प्रत्येक नोंद ४ बाइटांवरून ८ बाइटांची आणि टेबलं दोनाऐवजी तीन थरांची झाली. मेमरी सांभाळणाऱ्या कोडची घडणच यावर ठरते, त्यामुळे ‘बूट झाल्यावर बघू’ म्हणता येत नाही. आता वाटेल की ४ जीबीपेक्षा कमी रॅम असलेल्या जुन्या यंत्राला पीएई कशाला? तर सुरक्षेसाठी. ‘या पानावर डेटा आहे, तो कोड म्हणून चालवू नका’ असं सांगणारा एनएक्स बिट नोंदीत ६३ व्या जागी बसतो. ४ बाइटांच्या नोंदीत तेवढी जागाच नाही. शिवाय जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीवरचा कर्नलमधला उपाय ३२-बिटमध्ये पीएईशिवाय चालूच करता येत नाही.

दुसऱ्या बाजूला उभा आहे एक्सओ-१, ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पातला हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, दोन कानांसारख्या अँटेनांचा मुलांचा लॅपटॉप. २००७ च्या सुमारास भारतातल्या त्याच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या छोट्या शाळेत झाला होता. त्यात एएमडीचा ४३३ मेगाहर्ट्झचा जिओड एलएक्स प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी फ्लॅश. जिओडला पीएई माहीत नाही. कर्नलच्या मेन्यूत या लॅपटॉपसाठी स्वतंत्र पर्याय आहे, पण पीएई चालू केलं की तो पर्याय यादीतून अदृश्य होतो. म्हणजे एक्सओ-१ आणि त्याच काळातला इंटेलचा ३२-बिट डेस्कटॉप, दोघांना मिळून एकच कर्नल द्यायचा तर डेस्कटॉपचं संरक्षण काढून घ्यावं लागतं. डेबियनने हा तिढा सोडवला नाही, टाळला: ३२-बिटसाठी बराच काळ दोन वेगळे कर्नल ठेवले, एक पीएईचा, एक बिनपीएईचा. माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं.

मधल्यामध्ये अडकले ते पेंटियम एम. त्यातले काही प्रोसेसर पीएई चालवू शकतात, पण विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. त्यांच्यासाठी बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, ‘फोर्सपीएई’ असा शब्द टाकायची सोय आहे. कर्नल ऐकतो, पण स्वतःवर ‘डागाळलेला’ असा शिक्का मारून घेतो, म्हणजे पुढे काही बिघडलं तर तक्रार वाचणाऱ्याला हे आधीच दिसावं.

जिओडचा शेवट मात्र दुसऱ्याच कारणाने ओढवला. ‘काहीच करू नकोस’ अशी एक सूचना प्रोसेसरला देता येते. कोड सोयीच्या पत्त्यावर यावा म्हणून कंपायलर मधल्या मोकळ्या जागा तिने भरतो. तिचं लांब रूप जिओडला येत नाही. मग काहीही न करण्याची सूचना समोर आली की तो ‘अवैध सूचना’ म्हणून हात वर करतो आणि प्रोग्राम मरतो. २०२३ च्या डेबियन १२ ने ही सूचना किमान अट म्हणून धरली आणि जिओड बाहेर पडला. कर्नल स्वतः कंपाइल केला तरी बाकीची सगळी सॉफ्टवेअर त्या अटीवरच बांधलेली असतात. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये तर ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत.

नव्या यंत्रांची दुखणी वेगळी. वायफायचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, पण फर्मवेअर फाइल, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, नाही, असं सर्रास होतं. ‘वाय’ म्हणजे ‘एम’पेक्षा पक्कं, हा समजही इथे खोटा ठरतो. बांधून टाकलेला ड्रायव्हर डिस्क माउंट होण्याआधीच जागा होतो, फर्मवेअर मागतो आणि ती न मिळाल्याने गप्प बसतो. २०१२ च्या आसपासच्या एएमडी ग्राफिक्स कार्डांसाठी तर जुना ‘रेडिऑन’ आणि नवा ‘एएमडीजीपीयू’ असे दोन ड्रायव्हर कर्नलमध्ये शेजारी-शेजारी नांदतात आणि कार्ड कुणी उचलायचं ते बूटच्या ओळीत सांगता येतं. प्रोसेसरच्या बाबतीत दुसरं टोकही गाठता येतं. जुलै २०२५ च्या ६.१६ मध्ये ‘ज्या यंत्रावर कंपाइल होतंय त्याच्याचसाठी घडव’ असा पर्याय आला. असा कर्नल दुसऱ्या, जुन्या यंत्रात डिस्क हलवली की चालेलच याचा भरवसा नाही.

घरी करून पाहायचं असेल तर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही सोय आहे. त्या क्षणी चढलेली मॉड्यूल पाहून ती बाकीची सगळी ‘एन’ करते आणि अर्धा-अर्धा दिवस चालणारं कंपाइल बरंच आटोक्यात येतं. आज्ञा देण्याआधी पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, जे-जे कधी लावता ते सगळं एकदा लावून घ्या. त्या वेळी जे चढलेलं नाही, ते नव्या कर्नलला माहीतच नसेल. आणि बूट मेन्यूतला जुना कर्नल पुसू नका.

शेवटचा भार माणसांवर पडतो, तो कॉन्फिग फाइलीत दिसत नाही. ३८६ प्रोसेसरची एक खोड होती: कर्नल स्वतः लिहीत असताना तो पानावरची ‘इथे लिहू नये’ ही खूण जुमानत नसे. त्यामुळे प्रोग्रामच्या मेमरीत लिहिण्याआधी कर्नललाच वेगळी तपासणी करावी लागे, आणि त्या कोडला कुणीही हात लावला की ते सांभाळणं आलं. लिनक्स १९९१ मध्ये ३८६ वरच जन्मलं, तरी डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याचा आधार काढणारा बदल स्वीकारला. आपण भावनाप्रधान नाही, असंही त्यांनी तेव्हा म्हटलं. २०२५ मध्ये ४८६ ची पाळी आली तेव्हाही चर्चा याच अंगाने झाली: किती लोक वापरतात यापेक्षा, हे सांभाळण्यात विकसकांचा किती वेळ जातो. गणिती सहप्रोसेसर नसलेल्या ४८६ एसएक्सची आकडेमोड सॉफ्टवेअरमध्ये करणारा सगळा कोड काढायच्या यादीत होता.

पण वय हाच निकष असता तर हिशेब वेगळा लागला असता. २००१ साली बाजारात आलेला इंटेलचा इटॅनियम जानेवारी २०२४ च्या ६.७ मधून वगळला गेला, कारण त्याचा कोड सांभाळायला आणि तपासायला कुणी पुरेसं उरलं नव्हतं. १९८० च्या दशकातल्या अमिगा, अटारी आणि जुन्या मॅकमधला मोटोरोला ६८००० घराण्याचा कोड मात्र अजून कर्नलमध्ये आहे. त्याला सांभाळणारी माणसं आहेत, आणि ती प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो बांधून पाहतात.