सोनेरी अरोवानाचं मूळ गाव

टाकीतला सोनेरी अरोवाना मासा वळला की आधी त्याची पाठ बघावी. पोटाकडून वर चढणारी सोन्याची झाक खवल्यांच्या चौथ्या रांगेशी थांबली, तर तो सुमात्राकडचा, लाल शेपटीचा. तीच झाक पाठ ओलांडून पलीकडच्या कुशीला मिळाली, तर तो मलेशियाचा 'क्रॉसबॅक'. जास्तीचे पैसे मोजले जातात ते या वरच्या रांगांसाठी. (आपल्याकडच्या दुकानांत बहुतेकदा दिसतो तो रुपेरी अरोवाना दक्षिण अमेरिकेचा. तो निराळा.)

क्रॉसबॅकचा माग काढत गेलं की मलेशियाच्या पेराक राज्यातलं बुकित मेराह लागतं. क्रियान भागातल्या भातशेतीला पाणी मिळावं म्हणून इंग्रजी अमलात, 1906 मध्ये, हा जलाशय पुरा झाला. म्हणजे ज्याला या माशाचं मूळ तळं म्हणतात ते माणसानेच अडवलेलं पाणी. मासा त्या खोऱ्यात आधीपासूनचा. मलय लोक त्याला 'केलिसा' म्हणतात, आणि एकेकाळी तो त्यांच्या ताटातला मासा होता.

त्याचं नशीब पालटलं ते चिनी घरांत. नाण्यांसारखे खवले, हनुवटीच्या दोन मिशा. लोकांना त्यात ड्रॅगन दिसला आणि घरात बरकत आणणारा मासा म्हणून मागणी वाढली. 1975 मध्ये साइट्स या, धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणली. दुर्मिळतेवर अशी सरकारी मोहोर उठली आणि किंमत आणखीच चढली, असं मला वाटतं.

या माशाची वीणही नाजूक. नर अंडी तोंडात घेतो आणि पिल्लं पोहती होईपर्यंत, जवळपास दोन महिने, तिथेच सांभाळतो. पकडणारे नेमका असा नर हेरत आणि त्याचं तोंड उघडून पिल्लं काढून घेत. एका झटक्यात सगळी वीण गेली. 1990 च्या दशकापासून नोंदणीकृत शेततळ्यांतल्या, दुसऱ्या पिढीच्या माशांच्या विक्रीला परवानगी मिळाली. अंगात मायक्रोचिप, सोबत दाखला. त्या दाखल्यावर शेततळं असतं, ओढा नसतो. आणि रानातला केलिसा आज क्वचितच कोणाला दिसतो.

त्याही मागे गेलं तर गोष्ट आपल्या दारात येते. अरोवानाचे सर्वांत जवळचे भाऊबंद ऑस्ट्रेलियात आहेत. गोड्या पाण्यातला मासा समुद्र ओलांडणार कसा? 2000 मध्ये कुमाझावा आणि निशिदा या जपानी संशोधकांनी जनुकांवरून एक तर्क मांडला: गोंडवना या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडापासून तुटून उत्तरेकडे सरकणाऱ्या भारतीय भूखंडावरून हा मासा आशियात उतरला. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात याच कुळातल्या माशांचे अवशेष सापडलेले आहेत, त्यामुळे हा तर्क मला फार भावतो. पण 2017 मध्ये चीनमधून अरोवानाच्याच वंशाच्या, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांची नोंद झाली. तेव्हापासून, मासा भारतावरून उतरला की आधीच आशियात होता, हा वाद पुन्हा उघडला आहे.