शिवलेले पॅड आणि खिशातले पॅड : खेळाच्या पँटचा गुडघा

बेळगावच्या किंवा निपाणीच्या बाजारात गुडघ्याला पॅड असलेली ट्रॅक पँट मागितली, की दुकानदार समोर दोन पँटी टाकतो आणि त्या बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसतात. गुडघ्यावरचा उंचवटा आणि शिवणीच्या आडव्या रेषा दोन्हींत तशाच असतात. पँट उलटी केली, की फरक कळतो. एकीत फोम वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कायमचा शिवून टाकलेला असतो. दुसरीत गुडघ्यावरच्या कापडाला आतून चोरखिसा असतो आणि पॅड त्यात सरकवलेले असते, म्हणजे हवे तेव्हा काढता येते. गुडघ्यावर वेगळी चढवायची नी-कॅप ही तिसरी वस्तू आहे. कबड्डीच्या सामन्यात खेळाडू चड्डीवर तीच घालतात आणि पॅडची पँट सरावापुरती ठेवतात. फुटबॉलच्या गोलकीपरला मात्र नियमावलीतला चौथा नियम ट्रॅकसूटची पँट घालण्याची मुभा देतो, त्यामुळे त्याच्या अंगावर ही पँट प्रत्यक्ष सामन्यातही दिसते.

गिऱ्हाईक बहुधा विचारते, की यातले जाड कोणते. खेळाचे कपडे शिवणारा म्हणून मला तो प्रश्न दुय्यम वाटतो, कारण आठ मिलिमीटरचा फोम दोन्ही प्रकारांत बसवता येतो. खरा फरक पॅडची जागा कोण ठरवतो, यात आहे. शिवलेल्या पॅडची जागा टेलर ठरवतो आणि ती एकदाच ठरते. खिशातल्या पॅडची जागा खिसा ठरवतो, आणि खिसा सैल असेल तर ती कोणीच ठरवत नाही.

गुडघ्याची जागा ठरवणे वाटते तितके सोपे नाही. बेळगावच्या शहापूर भागात कानडी गिऱ्हाईक ‘मोणकाल’ म्हणते, मराठी गिऱ्हाईक ‘गुडघा’ म्हणते. दोघेही उभे राहून वाटीवरच बोट ठेवतात आणि चूक तिथेच होते. माणूस बसला किंवा वाकला, की पँटचे कापड आसनाकडे, म्हणजे बुडाच्या भागाकडे, आणि मांडीकडे ओढले जाते, मोहरी, म्हणजे पायाचे खालचे तोंड, वर सरकते आणि गुडघ्यावरचे कापडही वर जाते. खानापूर तालुक्यातल्या एका कबड्डी संघासाठी मी पहिल्यांदा चौदा पँटी शिवल्या, तेव्हा खेळाडूंना उभे करून वाटीवर खडूची खूण केली आणि पॅडचा मध्य नेमका त्या खुणेवर बसवला. सरावाच्या पहिल्याच दिवशी मुले चढाईच्या पवित्र्यात वाकली आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पॅड मांडीवर जाऊन बसली. सगळ्या शिवणी उसवाव्या लागल्या. तेव्हापासून मी खेळाडूला पँट घालून एका गुडघ्यावर टेकायला लावतो आणि त्याच स्थितीत खूण करतो. उभे राहिल्यावर ती खूण वाटीच्या बरीच खाली दिसते आणि ते बरोबरच असते. शिवाय गुडघे टेकले असताना भार मुख्यतः वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला असलेल्या उंचवट्यावर येतो, म्हणून पॅड वरपेक्षा खाली अधिक लांब हवे.

शिवलेल्या पॅडचा मोठा गुण असा, की एकदा जागा जमली की ते हलत नाही. त्यावर खिशाचा जादा थर नसल्याने पँट हलकी राहते, आणि फोमवरून घातलेल्या आडव्या शिवणी बिजागरीसारखे काम करतात, म्हणजे गुडघा त्या रेषांवर सहज वाकतो. पण हीच शिवण त्याची कमजोरीही आहे. सुई जिथून जाते तिथे फोम दबून जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे नक्षीच्या हौसेने वाटीच्या बरोबर मधून शिवण नेणे म्हणजे मार बसण्याच्या जागीच पॅड कापून टाकण्यासारखे आहे. एक शिवण वाटीच्या वर आणि एक खाली, एवढे पुरते. दुसरी अडचण ताणाची. लायक्रा मिसळलेले कापड ताणले जाते, फोम तितका ताणला जात नाही. चारही बाजूंनी गच्च शिवले तर गुडघ्यापुरती पँट पुठ्ठ्यासारखी होते. यावर उपाय म्हणजे दोन्ही कडांना लहान डार्ट, म्हणजे कापडाला शिवून घेतलेले चिमटे, देऊन गुडघ्याचा भाग आधीच किंचित वाकलेला करणे. हे काम वेळखाऊ असते आणि स्वस्त तयार पँटींत ते सहसा सापडत नाही.

खिशाच्या पँटमध्ये पॅडपेक्षा खिशाचे तोंड कुठे आहे, हे आधी पाहावे, आणि नेमके त्याकडे कोणी पाहत नाही. चढाई करणारा मधल्या रेषेकडे पुढे हात करून झेपावतो, छातीवर आणि गुडघ्यांवर घसरतो, तेव्हा जमीन त्याच्या अंगावरचे कापड पायाकडे ओढते. खिशाचे तोंड खाली असेल तर पॅड त्या ओढीने नडगीवर उतरते किंवा बाहेरच येते. अशा खेळासाठी तळ बंद आणि तोंड वर हवे. क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ पाय पुढे टाकून घसरणाऱ्या क्षेत्ररक्षकाचे उलट असते. त्याचे पॅड मांडीकडे ढकलले जाते, म्हणून त्याच्या खिशाला वरची बाजू बंद हवी आणि तोंड बाजूला किंवा खाली द्यावे. तोंडाला चेन लावू नये, ती गुडघ्याला टोचते. उशीच्या अभ्र्याला असते तशी, एकावर एक येणारी चार सेंटिमीटरची घडी पुरेशी होते. वेल्क्रो लावायचाच असेल तर त्याची खरखरीत बाजू कातडीकडे येणार नाही हे पाहावे, कारण तिच्याने कातडी सोलते आणि विणलेल्या कापडाचे धागेही ओढले जातात.

खिसा पॅडला घट्ट बसला पाहिजे. सैल खिशातले पॅड आडवे झाले, तर पॅड नसण्यापेक्षा वाईट, कारण खेळाडू गुडघा सुरक्षित आहे असे समजून बेधडक अंग टाकतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मात्र थोडी सोय ठेवता येते. खिसा तीन सेंटिमीटर जास्त खोल कापावा आणि तळाशी तेवढ्या अंतरावर धावदोरा घालावा. वर्षभरात मुलाची उंची वाढली, कमरेपासून गुडघा खाली गेला, की धावदोरा उसवायचा. पॅड आपोआप तितकेच खाली बसते. शिवलेल्या पॅडमध्ये ही सोय करता येत नाही.

मग येतो पाऊस. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर काय कोसळते, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. साधी बनियन वाळायला दोन दिवस लागतात. अशा हवेत शिवलेल्या पॅडच्या आत साधा स्पंज असेल तर तो पाणी पिऊन बसतो, वरचे कापड वाळले तरी आतून ओल राहते आणि चौथ्या दिवशी पँटला वास येऊ लागतो. ईव्हीए फोमची छिद्रे बंद असतात आणि तो पाणी शोषत नाही, म्हणून शिवून टाकायचेच असेल तर तोच घ्यावा, तरी थरांमधले पाणी अडकतेच. खिशातले पॅड काढून पुसून ठेवता येते आणि पँट नेहमीसारखी दोरीवर जाते. अर्थात काढता येणारी वस्तू हरवतेही. बारा मुलांचे पॅड एका पिशवीत गेले की बाहेर तेवीसच येतात, हा सगळ्या प्रशिक्षकांचा अनुभव आहे. पॅडच्या मागे डावे-उजवे आणि नाव पक्क्या शाईने लिहून ठेवलेले बरे.

मातीचाही विचार करावा लागतो. खानापूरकडच्या जांभ्या मातीतले खडे फोमच्या आधी वरचे कापड खातात. शिवलेल्या पँटचे कापड फाटले, की माती थेट फोममध्ये शिरते आणि चांगले आसन, चांगली मोहरी असलेली पँट गुडघ्यामुळे बाद होते. खिशाच्या पँटला बाहेरून जाड नायलॉनचे ठिगळ लावून आणखी एक हंगाम काढता येतो.

काही पँटींवर युरोपीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो, तोही समजून घ्यावा. ईएन १४४०४ हे मानक गुडघे टेकून काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे फरशी बसवणाऱ्यांसारख्यांसाठी आहे, आणि गंमत अशी, की त्यात खिशातले पॅड आणि पँटला कायमचे जोडलेले पॅड हे दोन्ही एकाच दुसऱ्या प्रकारात मोडतात. ईएन १६२१-१ हे मोटारसायकलस्वारांच्या संरक्षकांसाठी असून त्याची चाचणी ५० जूलच्या आघाताने होते. दोन्ही मानके उपयुक्त आहेत, पण कबड्डी किंवा गोलरक्षण डोळ्यांसमोर ठेवून ती बनवलेली नाहीत. स्केटिंग शिकणाऱ्या मुलांना तर यातली कोणतीच पँट पुरी पडत नाही. काँक्रीटवर मऊ पॅड अडकते आणि मूल पुढे फेकले जाते, तिथे घसरणाऱ्या कडक वाटीचे वेगळे गार्डच हवे.

गोलकीपर प्रौढ असेल, पँट एकट्याची असेल आणि मापे अंगावर घेऊन शिवायची असेल, तर मी शिवलेले पॅड सुचवतो. शाळेच्या संघाला, सामाईक पँटींना आणि पश्चिमेकडच्या पावसाळी गावांना खिशाचेच. तयार पँट घेताना दुकानातच ती घालून तीन उठाबशा काढाव्यात, मग फरशीवर एक गुडघा टेकून तिथेच थांबावे आणि हात लावून पॅड कुठे आहे ते पाहावे. पॅडची वरची कड वाटीच्या चार बोटे वर आणि खालची कड नडगीच्या उंचवट्याच्या खाली लागली, तर पैसे द्यावेत. दुकानदार हसला तरी चालेल.